तांबडी पेशी फुटते कशी?

मुलाचा घसा दुखतोय, ताप आहे, गिळताना ते रडतंय. डॉक्टर जीभ दाबून आत पाहतात आणि कापसाच्या निर्जंतुक काडीने घशाच्या मागच्या बाजूचा नमुना घेतात. ही काडी प्रयोगशाळेत पोचली की तंत्रज्ञ ती एका लाल बशीच्या कडेला टेकवतात, तारेच्या लूपने नमुना ओढून बशीभर पसरवतात आणि बशी 37 अंश सेल्सिअसच्या इनक्युबेटरमध्ये उलटी ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर काढून उजेडासमोर धरतात. लाल पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके उगवलेले असतात. काही ठिपक्यांभोवतीचा लाल रंग पार नाहीसा झालेला असतो. बशीमागे छापील कागद धरला तर त्या गोल जागेतून अक्षरं वाचता येतील, इतकी ती स्वच्छ असते.

काल त्या जागेत कोट्यवधी तांबड्या पेशी होत्या. रात्रीतून त्या सगळ्या फुटल्या. त्यांच्या अंगाला जिवाणू टेकलाही नव्हता. त्याने फक्त एक पदार्थ भोवताली सोडला होता. त्या पदार्थाने नेमकं काय केलं, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहू. सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी धरून ठेवू या. ‘विष’ म्हटलं की पेशी जाळणारं, कुजवणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. तांबडी पेशी मात्र बहुतेक वेळा पाण्याने मरते. विष फक्त पाण्याला वाट करून देतं.

लाल बशीची भाषा

या बशीला ब्लड अगार म्हणतात. अगार म्हणजे आपल्या घरातला चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून मिळणारा. तो पोषकद्रव्यांसह उकळून निर्जंतुक करतात, 45 ते 50 अंशांपर्यंत निवू देतात आणि मग त्यात सुमारे 5 टक्के रक्त मिसळतात, बहुधा मेंढीचं. अगार याहून गरम असेल तर रक्त शिजतं आणि बशी चॉकलेटी होते. तशी बशीही काही जिवाणूंसाठी मुद्दाम करतात, पण पेशी फुटतात का हे पाहायचं तर पेशी शाबूत हव्यात.

जर्मन वैद्यक हुगो शोटम्युलर यांनी 1903 साली रक्त घातलेल्या या माध्यमावर साखळीने वाढणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमधले भेद दाखवले. 1919 साली अमेरिकेत जे. एच. ब्राउन यांनी ठिपक्याभोवतीच्या खुणांना ग्रीक अक्षरांची नावं दिली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत तीच चालतात. वर्तुळ पूर्ण स्वच्छ असेल तर बीटा, हिरवट असेल तर अल्फा, काहीच बदल नसेल तर गॅमा.

हिरवटपणाचा उलगडा इथेच करून टाकू. न्यूमोनियाचा जिवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो. त्यामुळे हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि रंग पालटतो. ही मुख्यतः रंगाची रसायनक्रिया आहे. आपला विषय आहे बीटा वर्तुळाचा, म्हणजे पेशी खरोखर फुटण्याचा. त्याला रक्तविलयन म्हणतात आणि ते घडवणाऱ्या विषांना हिमोलायसिन.

आधी पेशी समजून घेऊ

माणसाच्या अंगात सुमारे 25 लाख कोटी तांबड्या पेशी असतात. अस्थिमज्जा दर सेकंदाला जवळपास 20 लाख नव्या पेशी घडवते आणि प्रत्येक पेशी साधारण 120 दिवस जगते. पेशीचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर. मध्ये दोन्ही बाजूंनी खोलगट, कडेला जाड. तिच्यात केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत, नवी प्रथिनं बनवणारी रायबोसोम नाहीत. घडताना तिने हे सारं सोडून दिलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू भरले. प्राणवायू वाहण्यासाठी तिने दुरुस्तीचं सगळं सामान टाकून दिलं आहे. भिंतीला भोक पडलं तर इतर पेशी नवा माल घडवून जशी डागडुजी करू शकतात, तशी तिला जवळपास करताच येत नाही.

तिची भिंत म्हणजे मेदाचे दोन थर, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. त्यात कोलेस्टेरॉलची भरणी आणि जागोजागी रोवलेली प्रथिनं. आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाचं जाळं भिंतीला धरून ठेवतं. हे जाळं लवचीक असल्यामुळे आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही पेशी अंग मुडपून निसटते.

आता आत-बाहेरचा हिशेब पाहू. रक्तद्रवात दर लिटरला सुमारे 140 मिलिमोल सोडियम असतं, पेशीच्या आत त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पोटॅशियमचं नेमकं उलट: आत 100 च्या आसपास, बाहेर फक्त 4. हा फरक आपोआप टिकत नाही. भिंतीतला पंप प्रत्येक फेरीत सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे 2 आत घेतो. गळक्या होडीतला नावाडी पाणी उपसत राहतो, तसा हा पंप 120 दिवस अखंड चालतो.

एवढी मेहनत कशासाठी? लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं. खिरीतला मनुका टम्म फुगतो. विरघळलेले कण जिथे दाट, तिकडे पाणी ओढलं जातं. याला परासरण म्हणतात. तांबड्या पेशीच्या पोटात हिमोग्लोबिनची एवढी दाटी आहे की पाणी सतत आत यायला पाहतं. सोडियम बाहेर रोखून पेशी त्याची भरपाई करते. बाहेरचं मीठ आत येऊ शकत नाही, म्हणून पाण्याचा तोल राहतो. तिचा सगळा जीव या एका अटीवर टिकून आहे.

सात रेणूंचं वेज

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या नाकात गुपचूप राहतो. गळवं, चिघळलेल्या जखमा, हाडांचे व रक्ताचे गंभीर संसर्ग यांच्यामागे तो असतो. त्याचं अल्फा टॉक्सिन हे भोक पाडणाऱ्या विषांपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासलेलं.

त्याच्या इतिहासाला एक दुःखद किनार आहे. जानेवारी 1928 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावी घटसर्पाची लस टोचलेल्या 21 मुलांपैकी 12 मुलं दगावली. तपास करणाऱ्यांमध्ये पुढे नोबेल मिळालेले मॅकफार्लेन बर्नेट होते. ज्या बाटलीतून लस वारंवार काढली गेली, तिच्यात जंतुरोधक द्रव्य नव्हतं आणि स्टॅफिलोकोकस वाढलेला होता. या जिवाणूच्या विषाचा पद्धतशीर अभ्यास त्या बारा मुलांच्या मृत्यूनंतर जोमाने सुरू झाला. एकाच कुपीतून अनेकांना द्यायच्या लशींत आज जंतुरोधक घालतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

हे विष काम कसं करतं? जिवाणूच्या बाहेर पडतं तेव्हा ते 293 अमिनो आम्लांचं साधं, पाण्यात विरघळणारं प्रथिन असतं. एकटा रेणू निरुपद्रवी. तो पेशीच्या भिंतीवर येऊन चिकटतो, भिंतीवर सरकत राहतो आणि त्याला दुसरा भेटतो, तिसरा भेटतो. सात रेणू जमले की त्यांचं कडं होतं. मग प्रत्येक रेणू आपल्या पोटाशी घडी घालून ठेवलेला एक पट्टा उलगडतो. सातांचे पट्टे मिळून एक पोकळ नळी तयार होते आणि ती मेदाच्या दोन्ही थरांतून आरपार घुसते. 1996 साली या जोडणीची अणूअणूपर्यंतची रचना प्रसिद्ध झाली. दिसायला ती भूछत्रासारखी आहे: टोपी बाहेर, देठ भिंतीत, आणि देठाच्या मधून सुमारे दीड नॅनोमीटरचं वेज.

पुढचा क्रम घाईने न पाहता एकेक पायरी उतरू.

वेजातून पोटॅशियम बाहेर वाहू लागतं आणि सोडियम आत. पंप आपला वेग वाढवतो, पण बुडाला भगदाड पडलेल्या होडीत नावाडी किती उपसणार? थोड्याच वेळात आत-बाहेरचे क्षार सारखे होतात. हिमोग्लोबिनचा रेणू मात्र साडेपाच-सहा नॅनोमीटरचा; दीड नॅनोमीटरच्या वेजातून तो बाहेर पडू शकत नाही. म्हणजे क्षारांची बरोबरी झाली तरी हिमोग्लोबिनची दाटी आतच अडकून राहते, आणि तिला तोलून धरणारं बाहेरचं मीठ आता तोल धरेनासं झालेलं असतं. पाणी आत येऊ लागतं.

पेशी फुगते. खोलगट चकती आधी सपाट होते, मग गोल. चकतीच्या आकारामुळे तिच्याकडे जादा पृष्ठभाग असतो, म्हणून मूळ आकारमानाच्या दीडपटीहून थोडी अधिक फुगेपर्यंत ती तग धरते. पूर्ण चेंडू झाल्यावर मात्र पुढे फक्त ताणणं उरतं, आणि मेदाच्या भिंतीला ताण सोसत नाही. पृष्ठभाग तीन-चार टक्क्यांपलीकडे ताणला की ती फाटते. हिमोग्लोबिन भसकन बाहेर पडतं. मागे उरतं ते रिकामं, फिकट आवरण. प्रयोगशाळेत त्याला ‘घोस्ट’ म्हणतात. बशीवर असं कोट्यवधी वेळा घडलं की लाल अगार पारदर्शक होतो.

हे पाण्यानेच झालं, हे कशावरून? संशोधकांनी यासाठी एक सोपी युक्ती केली. पेशींभोवतीच्या द्रवात डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, घातलं. त्याचे रेणू वेजातून आत शिरू शकत नाहीत इतके मोठे. मग विष मिसळलं. वेजं पडली, पोटॅशियम गळून गेलं, तरी पेशी फुटल्या नाहीत, कारण बाहेरच्या डेक्स्ट्रानने आतल्या हिमोग्लोबिनची ओढ तोलून धरली. साखरेचे लहान रेणू घातले तर ते वेजातून आत गेले आणि पेशी वाचल्या नाहीत. कोणत्या आकारापासून रेणू पेशीला वाचवू लागतात हे पाहिलं की भोकाची रुंदी कळते. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारं भोक अशा रीतीने साखरेच्या रेणूंनी मोजलं गेलं.

घशातल्या जिवाणूची दोन हत्यारं

आता सुरुवातीच्या बशीकडे परत येऊ. घसादुखीत ज्याची खरी काळजी असते तो ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस दोन रक्तविलायक विषं बाळगतो.

पहिलं स्ट्रेप्टोलायसिन ओ. त्याचे रेणू भिंतीतलं कोलेस्टेरॉल ओळखतात. सातच्या जागी तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक रेणू कडं धरतात आणि 25 ते 30 नॅनोमीटर रुंदीचं भगदाड पाडतात. अल्फा टॉक्सिनचं वेज सुईच्या टोचणीसारखं मानलं, तर हा दरवाजाच. यातून हिमोग्लोबिन थेट बाहेर येऊ शकतं. पाण्याने पेशी फुगण्याची वाट पाहावी लागत नाही. या विषाची एक दुबळी बाजू आहे. हवेतल्या ऑक्सिजनने ते निकामी होतं. नावातला ‘ओ’ त्याचीच खूण. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ नमुना ओढून झाल्यावर लूपने अगारात दोन-तीन चिरा मारतात. चिरेत खोल वाढलेल्या जिवाणूपर्यंत हवा कमी पोचते आणि त्याचं हे विष टिकतं. चिरेभोवती वर्तुळ अधिक स्वच्छ दिसलं, तर त्याचा अर्थ हा.

दुसरं स्ट्रेप्टोलायसिन एस. हे आकाराने लहान आणि ऑक्सिजनला न डरणारं. पृष्ठभागावर दिसणारं वर्तुळ मुख्यतः त्याचं. मात्र त्याच्याविरुद्ध आपलं शरीर प्रतिपिंडं तयार करत नाही. स्ट्रेप्टोलायसिन ओ विरुद्ध मात्र भरपूर करतं, आणि त्यातून एक चाचणी जन्मली जिचं नाव आपल्याकडे अनेक आईवडिलांच्या ओळखीचं आहे: एएसओ.

या चाचणीची मूळ कल्पना 1930 च्या दशकात ई. डब्ल्यू. टॉड यांनी रुजवली आणि तिच्यात तांबड्या पेशीच साक्षीदार होत्या. रुग्णाचा रक्तद्रव अधिकाधिक पातळ करत न्यायचा, प्रत्येक नळीत ठरावीक विष आणि तांबड्या पेशी घालायच्या. रक्तद्रवात प्रतिपिंडं असतील तर विष निकामी होतं आणि पेशी तळाशी शाबूत बसतात. नसतील तर नळीतला द्रव लालभडक होतो. किती पातळ करेपर्यंत पेशी वाचतात, त्यावरून आकडा निघतो.

इथे थोडं थांबून कळकळीने सांगायला हवं. वाढलेला एएसओ म्हणजे घशाच्या या संसर्गानंतर काही मुलांना होणारा संधिवाताचा ताप नव्हे. मुलाला अलीकडे स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला, एवढंच तो सांगतो. शाळकरी वयात असे संसर्ग होतच असतात. संधिवाताच्या तापाचं निदान सांध्यांची सूज, हृदयाची तपासणी आणि इतर लक्षणं एकत्र पाहून, ठरलेल्या निकषांवर करायचं असतं. केवळ एका आकड्यावरून मुलाला वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू होऊ नयेत. दुसरी बाजूही तितकीच खरी. स्ट्रेप्टोकोकसमुळे झालेली घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक मिळालं, तर हृदयाच्या झडपा निकामी करणारा हा आजार टाळता येतो. त्या झडपांचं नुकसान ही विषं थेट करत नाहीत. जिवाणूविरुद्ध उठलेली शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती चुकून हृदयावर उलटते. पण जिवाणू ओळखण्याची पहिली खूण तेच स्वच्छ वर्तुळ असतं.

भिंत पचवणारी विषं

सगळी विषं भोक पाडत नाहीत. काही विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. ती भिंतीचा मेदच तोडतात.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर शेणखताने कसलेल्या शेतजमिनीत खंदक खणले गेले. त्या मातीने माखलेल्या जखमांत गॅस गँगरीन होई. त्यामागचा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा हवेविना वाढणारा जिवाणू अनुकूल परिस्थितीत दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. त्याचं अल्फा टॉक्सिन हे फॉस्फोलायपेज सी प्रकारचं विकर. भिंतीतल्या मेदरेणूचं डोकं ते छाटून टाकतं आणि मेदाच्या थराची वीण उसवते. 1941 साली मॅकफार्लेन आणि नाइट यांनी हे दाखवलं, तेव्हा जिवाणूचं एखादं विष म्हणजे एक विकर असतं हे पहिल्यांदाच सिद्ध झालं. बशीवर या जिवाणूभोवती दोन वर्तुळं दिसतात. आतलं पूर्ण स्वच्छ. ते कोलेस्टेरॉलवर चालणाऱ्या दुसऱ्या एका विषाचं. बाहेरचं धूसर, ते या विकराचं.

माणसाच्या अंगात हे क्वचित, पण घडतं तेव्हा भयंकर वेगाने. पित्ताशय, यकृत, गर्भाशय यांतल्या संसर्गातून किंवा कर्करोगाने खंगलेल्या शरीरात हा जिवाणू रक्तात शिरला, तर काही तासांत तांबड्या पेशींचा मोठा हिस्सा वाहिन्यांतच फुटू शकतो. प्रयोगशाळेतून फोन येतो: नमुना हिमोलाइझ झालाय, पुन्हा पाठवा. रक्त घाईने ओढलं की नमुन्यात पेशी फुटतात, हे रोजचंच. पुन्हा रक्त काढतात. तेही तसंच लाल, वरचा रक्तद्रव द्राक्षासवासारखा. अशा वेळी नमुना चुकलेला नसतो. पेशी रुग्णाच्या अंगातच फुटत असतात. हे वेळीच ओळखणारा तंत्रज्ञ किंवा निवासी डॉक्टर मोलाचे तास वाचवतो, कारण इतक्या मोठ्या रक्तविलयनानंतर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत.

कुणाचं रक्त, यावर बरंच अवलंबून

बशीत मेंढीचं रक्त असतं, हे विसरून चालणार नाही. स्टॅफिलोकोकसचं बीटा टॉक्सिन स्फिंगोमायलिन नावाचा मेद तोडतं. मेंढीच्या पेशीच्या भिंतीतल्या फॉस्फोलिपिडांपैकी जवळपास निम्मं स्फिंगोमायलिन असतं, माणसाच्या पेशीत साधारण पाव. त्यामुळे मेंढीच्या पेशींवर हे विष जोरात चालतं, आपल्यावर जेमतेम. मेंढीच्या पेशींवरचं त्याचं काम एका चमत्कारिक रीतीने होतं: 37 अंशांना पेशी फक्त दुबळ्या होतात, बशी फ्रिजमध्ये ठेवली की फुटतात. या दुबळेपणाचा उपयोग 1944 साली ऑस्ट्रेलियात क्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मुंच-पीटरसन यांनी करून घेतला. स्टॅफिलोकोकसच्या रेघेला काटकोनात ‘ब’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस लावला, तर दोन रेघा जिथे जवळ येतात तिथे बाणाच्या टोकासारखा स्वच्छ आकार उमटतो. एकाने दुबळ्या केलेल्या पेशी दुसरा फोडतो. नवजात बाळांना गंभीर आजारी करणारा हा जिवाणू ओळखायला ‘कॅम्प’ चाचणी म्हणून ती अजून वापरतात.

उलट स्टॅफिलोकोकसचं अल्फा टॉक्सिन सशाच्या तांबड्या पेशी सहज फोडतं; माणसाच्या पेशी फोडायला त्याची शेकडो पट अधिक मात्रा लागते. माणसात त्याचा खरा रोख फुप्फुसाच्या, त्वचेच्या आणि वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवर असतो. 2010 साली त्याची पेशीवरची खुंटी सापडली: अ‍ॅडॅम-10 हे प्रथिन.

मग हा जिवाणू माणसाच्या तांबड्या पेशींना हात लावत नाही? लावतो, दुसऱ्या हत्याराने. त्याची काही विषं दोन वेगवेगळ्या प्रथिनांची जोडी म्हणून काम करतात. 2015 साली दाखवलं गेलं की अशा दोन जोड्या माणसाच्या तांबड्या पेशीवरच्या डफी या प्रथिनाला धरतात आणि तिथेच वेज पाडतात. डफी हे नाव रक्तगटांच्या अभ्यासातलं. आपल्याकडे सर्रास आढळणारा व्हायव्हॅक्स मलेरियाचा परजीवीसुद्धा याच दारातून तांबड्या पेशीत शिरतो. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतं. त्यांच्या पेशी या विषांना बधत नाहीत.

पेशीला न शिवता तिचा नाश

शिगा टॉक्सिनचं वागणं आणखी वेगळं. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी 1897 च्या साथीत रक्ती आवेच्या जिवाणूचा शोध लावला. हे त्या जिवाणूचं विष; पुढे ई. कोलायच्या काही जातींतही तेच सापडलं. हे विष पेशीत शिरून रायबोसोम बंद पाडतं, म्हणजे प्रथिनांचं उत्पादन थांबवतं. तांबड्या पेशीत रायबोसोमच नाहीत, त्यामुळे तिथे त्याला बंद पाडायला काही मिळत नाही. तरीही या विषाने होणाऱ्या आजारात तांबड्या पेशींचा चुराडा होतो.

तो असा. विष मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांचं अस्तर खरवडून टाकतं. तिथे बिंबिका चिकटतात, गुठळ्यांचं जाळं बनतं आणि रक्त त्याच्या फटींतून रेटलं जातं. तांबड्या पेशी त्या धाग्यांवर आदळून चिरल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली शिरस्त्राणासारखे, त्रिकोणी तुकडे दिसतात. पेशी कमी, बिंबिका कमी, मूत्रपिंड बंद: या तिघांना मिळून हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. 2011 साली जर्मनीत अशी मोठी साथ आली. सुमारे 4 हजार लोक आजारी पडले, 50 हून अधिक दगावले. तपास मोड आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोचला. त्या कच्च्याच खाल्ल्या गेल्या होत्या. मोड आणण्याची ऊब आणि ओल जिवाणूलाही मानवते. चांगली उकळी मात्र त्याला मारते. लहान मुलाला रक्ती जुलाब झाल्यानंतर ते फिकट पडलं आणि लघवी कमी झाली, तर एक दिवसही थांबू नये.

हे सगळं कशासाठी?

जिवाणूला लोह हवं असतं. आपल्या अंगात एकूण 3 ते 4 ग्रॅम लोह, आणि त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये कोंडलेलं. मोकळं लोह शरीर जवळपास ठेवतच नाही. त्यामुळे जिवाणूच्या दृष्टीने तांबडी पेशी म्हणजे भरलेली कोठी. स्टॅफिलोकोकसच्या अंगावर हिमोग्लोबिन पकडणारी, त्यातला लोहधारी हीम सोडवून आत ओढणारी प्रथिनांची साखळीच असते. आधी कोठी फोडायची, मग धान्य ओढायचं.

शरीरही गप्प बसत नाही. रक्तद्रवातलं हॅप्टोग्लोबिन सांडलेलं हिमोग्लोबिन मिठीत घेतं आणि भक्षकपेशींकडे पोचवतं. हिमोपेक्सिन सुटा हीम उचलतं. यात लोह जिवाणूच्या तोंडून काढून घेणं आहे आणि मूत्रपिंडाचं रक्षणही आहे. हॅप्टोग्लोबिन संपलं की हिमोग्लोबिन लघवीत उतरतं आणि ती कोऱ्या चहासारखी काळपट होते. मोकळं हिमोग्लोबिन वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही खाऊन टाकतं, त्यामुळे वाहिन्या आवळतात.

प्रत्येक जखमी पेशी फुटतेच असंही नाही. विष थोडं असेल तर वेजातून कॅल्शियम आत शिरतं. आतल्या थरात लपवून ठेवलेला फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद मग बाहेरच्या बाजूला येतो. पाणथरी आणि यकृतातल्या भक्षकपेशींना ती खूण कळते आणि त्या अशी पेशी फुटण्याआधीच गिळतात. ज्या पेशीला स्वतःची दुरुस्ती जमत नाही, तिची शरीर निदान नीट विल्हेवाट लावतं.

पेशी फोडणारं हे वेज माणसाच्या कामालाही आलं. 1996 साली, स्टॅफिलोकोकसच्या अल्फा टॉक्सिनची रचना उलगडली त्याच वर्षी, आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी हेच सात रेणूंचं वेज एका कृत्रिम मेदपटलात बसवलं आणि विजेच्या दाबाने त्यातून आरएनए व डीएनएचा एकेरी धागा ओढला. धागा सरकताना वेजातला विद्युतप्रवाह बदलला. त्या बदलांवरून अक्षरं वाचण्याची कल्पना पुढे इतर प्रथिनांची वेजं वापरून प्रत्यक्षात आली. आज हातात मावेल एवढ्या यंत्रात जिवाणूंचं जनुकीय अक्षरन्‌अक्षर वाचता येतं, त्याची सुरुवात या वेजाने केली.

तरीही उद्या सकाळी कुठल्याशा प्रयोगशाळेत कुणीतरी एक लाल बशी उजेडासमोर धरेल. त्या मुलाच्या घशातला ठिपका शोधेल, त्याच्याभोवतीचं वर्तुळ स्वच्छ आहे का ते पाहील, लूपने मारलेल्या चिरेत डोकावेल आणि कागदावर लिहील: बीटा हिमोलिटिक. पुढच्या चाचण्यांनी गट ठरेल, डॉक्टर औषध लिहून देतील, आणि नऊ दिवसांची ती मुदत टळायच्या आत एका मुलाचं हृदय सुरक्षित होईल.